बगझिला ते फॅब्रिकेटर : दोषनोंदींच्या स्थलांतराचा इतिहास आणि संगणकीय अभिलेखांची साधनचिकित्सा

प्रस्तावना

दप्तराची जागा बदलली की त्याची मांडणी बदलते आणि मांडणी बदलली की त्यातून वाचता येणारा इतिहासही काही प्रमाणात बदलतो, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. १८१८ मध्ये पेशवाईचा शेवट झाल्यानंतर पेशवे दप्तर इंग्रजी सत्तेच्या ताब्यात गेले. १८५२ च्या कायद्यान्वये काम करणाऱ्या इनाम कमिशनला इनामांचा खरेखोटेपणा तपासावयाचा होता. साहजिकच त्या दृष्टीने उपयोगी पडणाऱ्या कागदांची चाळणी व वर्गवारी आधी झाली. पुढे रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. कागद विषयवार एकत्र आल्याने अभ्यासकांची मोठी सोय झाली. परंतु एखादे पत्र मूळ रुमालात कोणत्या कागदाच्या शेजारी बांधलेले होते, हा प्रश्न छापील खंड वाचणाऱ्याच्या नजरेआड गेला. शेजार हाही पुरावाच असतो.

कागदी दप्तराच्या बाबतीत ही जाणीव आता रुळली आहे. संगणकीय अभिलेखांच्या बाबतीत मात्र ती अद्याप रुळलेली दिसत नाही. संगणकातील मजकूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेला म्हणजे तो जसाच्या तसा गेला, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. हे गृहीतक किती टिकते हे पाहण्यासाठी सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या दोषनोंदी, म्हणजे ज्यांना व्यवहारात ‘बग रिपोर्ट’ म्हणतात त्या नोंदी, हे एक उत्तम क्षेत्र आहे. या नोंदी अनेक वर्षे साचत जातात, त्या सार्वजनिक असतात आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्या एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत वारंवार हलविल्या गेल्या आहेत. प्रस्तुत लेखात अशा काही स्थलांतरांचा मागोवा घेतला असून विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाने २०१४ मध्ये केलेल्या स्थलांतराचा, तसेच मराठी भाषेच्या संगणकीय वापराशी संबंधित तक्रारींचे या प्रवासात काय होते याचा विशेष विचार केला आहे.

दोषनोंद आणि फेरफार

संगणकातील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची प्रथा कशी पडली, याविषयी एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क दोन’ या यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग सापडला आणि तेथील मंडळींनी तो यंत्राच्या नोंदवहीत चिकटवून ठेवला. ग्रेस हॉपर यांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितल्यामुळे तो प्रसिद्ध झाला. वास्तविक यंत्रातील दोषासाठी हा शब्द एडिसनच्या १८७८ मधील पत्रव्यवहारातही आढळतो. त्यामुळे शब्दाची व्युत्पत्ती म्हणून या प्रसंगाला फारसे महत्त्व नाही. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते वेगळेच. त्या मंडळींनी पतंग टाकून दिला नाही. तारीख व वेळ घालून तो वहीत लावला. ती वही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जपलेली आहे. दोष दुरुस्त झाल्यावरही त्याची नोंद ठेवावयाची, ही वृत्ती त्या पानावर दिसते.

आधुनिक दोषनोंदीचे स्वरूप मराठी वाचकाला समजावून सांगण्यासाठी गावच्या तलाठी दप्तराइतके दुसरे सोयीचे उदाहरण नाही. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. जमिनीच्या हक्कात झालेला प्रत्येक बदल तेथे अनुक्रमांकाने नोंदला जातो. हरकत आली तर ते प्रकरण नमुना सहा-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. निर्णय झाला की नोंद प्रमाणित होते आणि फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर वर्तुळात येतो. ज्याचा हक्क संपला त्याचे नाव खोडून नाहीसे केले जात नाही, त्याला कंस केला जातो. दोषनोंद प्रणालीचे कामही याच धर्तीवर चालते. तक्रार आली की तिला क्रमांक मिळतो, तक्रारदाराचे नाव व तारीख लागते, चर्चा होते, कोणीतरी ती दुरुस्तीसाठी अंगावर घेतो आणि शेवटी ‘दुरुस्त’, ‘दुबार’, ‘दुरुस्त केली जाणार नाही’ असा शेरा पडतो. नोंद मात्र राहते. पुढे प्रोग्राममध्ये बदल करणारा अभियंता आपल्या बदलाच्या टिपणीत त्या नोंदीचा क्रमांक लिहितो. सातबाऱ्यावरील वर्तुळातला आकडा आणि प्रोग्रामच्या टिपणीतला आकडा यांचे काम एकच : ‘हे असे का आहे’ याचे उत्तर शोधणाऱ्याला योग्य पानापर्यंत नेणे.

हा आकडा हरवला तर काय होते, हे पनवेल परिसरात कोणी सांगावयास नको. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनासाठी अधिसूचित झाल्या आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोकडे शहर वसविण्याचे काम आले. पनवेल शहरालगतच्या करंजाडे गावाच्या शिवारात आज सेक्टर व भूखंड क्रमांकांची वसाहत उभी आहे. त्या इमारतींच्या पायाखाली जुने सर्व्हे नंबर आणि हिस्से आहेत. १९८४ च्या जासईच्या आंदोलनात पाच आंदोलकांनी प्राण गमावल्यानंतर, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्याचे फलित म्हणून १९९० मध्ये साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या प्रमाणात विकसित भूखंड परत मिळण्याचा हक्क तीमुळे मान्य झाला. हा हक्क सिद्ध करावयाचा तर जुना सर्व्हे नंबर, त्यावरील खातेदार, संपादनाचा निवाडा आणि नवा भूखंड क्रमांक ही साखळी अखंड असावी लागते. जुन्या क्रमांकांच्या जगातून नव्या क्रमांकांच्या जगात जाताना एखादा दुवा निसटला, तर जमीन तेथेच असते, माणूसही तेथेच असतो. नाते मात्र सिद्ध करता येत नाही. दोषनोंदींच्या स्थलांतरात जे पणाला लागते ते तुलनेने लहान असते, हे मान्य केले पाहिजे. पण ते याच जातीचे असते.

क्रमांक टिकविण्याची धडपड

सार्वजनिक दोषनोंद प्रणालींचा इतिहास १९९० च्या दशकात सुरू होतो. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीसाठी इयान जॅक्सन यांनी १९९४ मध्ये ई-मेलवर चालणारी नोंदप्रणाली तयार केली. ती आजतागायत मूळ चौकटीतच चालू आहे आणि तिच्यातील क्रमांक दहा लाखांच्या पुढे गेले आहेत. दिसावयास जुनाट, नवख्याला किचकट, पण तिचे एकही स्थलांतर न झाल्यामुळे तीस वर्षांपूर्वीचा क्रमांक आजही तोच आहे. न हलणे हाही जतनाचा एक मार्ग असतो, आणि बहुधा सर्वांत स्वस्त.

१९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा मूळ प्रोग्राम जाहीर केला आणि मोझिला प्रकल्प सुरू झाला. कंपनीची अंतर्गत दोषनोंद प्रणाली बाहेरच्या स्वयंसेवकांना उपलब्ध नव्हती. म्हणून टेरी वाइसमन यांनी ‘बगझिला’ ही नवी प्रणाली आधी टीसीएल भाषेत लिहिली आणि त्याच वर्षी पर्ल भाषेत आणली. ती सर्वांसाठी खुली असल्याने पुढील दशकभर बहुतेक मोठ्या मुक्त प्रकल्पांनी ती स्वीकारली. या स्वीकाराबरोबरच स्थलांतराचा प्रश्न उभा राहिला, कारण अनेकांच्या नोंदी आधीच दुसरीकडे साठलेल्या होत्या.

जीसीसी या संकलकाच्या प्रकल्पाने २००३ मध्ये ‘नॅट्स’ ही जुनी प्रणाली सोडून बगझिला घेतली, तेव्हा जुने क्रमांक जसेच्या तसे ठेवण्यात आले. त्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. अपूर्णांकांच्या आकडेमोडीत इंटेलच्या जुन्या प्रक्रियकांवर अनपेक्षित उत्तरे येतात, अशी तक्रार २००० मध्ये ३२३ या क्रमांकाने नोंदली गेली होती. पुढे तीच तक्रार वेगवेगळ्या लोकांनी इतक्या वेळा पुन्हा केली की शंभरांहून अधिक नोंदी ‘३२३ ची दुबार’ म्हणून बंद झाल्या. प्रणाली बदलली तरी हा क्रमांक बदलला नाही, म्हणून जुन्या पत्रव्यवहारात, पाठ्यपुस्तकी चर्चेत आणि प्रोग्रामच्या टिपण्यांत आलेला ‘३२३’ आजही योग्य ठिकाणी नेतो.

पायथन भाषेच्या प्रकल्पाने दोनदा घर बदलले. २००७ मध्ये सोर्सफोर्जवरून राउंडअपवर येताना जुने लांबलचक क्रमांक टिकविले गेले. २०२२ मध्ये गिटहबवर जाताना ते शक्य झाले नाही. गिटहबमध्ये तक्रारी आणि प्रोग्राममध्ये बदल सुचविणारे प्रस्ताव यांना एकाच मालिकेतून क्रमांक मिळतात. पायथनचा प्रोग्राम आधीच तेथे असल्यामुळे लहान क्रमांक प्रस्तावांनी घेतलेले होते. म्हणून प्रत्येक नोंदीला नवा क्रमांक देऊन जुना क्रमांक मजकुरात नोंदण्यात आला आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्यास नव्या पत्त्यावर पाठविण्याची व्यवस्था झाली. व्यवस्था चोख आहे. पण ती चालू ठेवणारा कोणीतरी असेपर्यंतच.

विकिमीडियाचे स्थलांतर

विकिपीडियाच्या आरंभीच्या काळात दोषांच्या तक्रारी सोर्सफोर्जवर नोंदल्या जात. २००४ मध्ये विकिमीडियाने स्वतःची बगझिला सुरू केली. तिच्यातील पहिल्या क्रमांकाची नोंद कोणती असावी? प्रोग्रामचे दस्तऐवजीकरण जुने व अपुरे आहे, ही! हा काही एक विशिष्ट दोष नव्हे. दस्तऐवजांविषयीच्या इतर तक्रारी एकत्र टांगण्यासाठी केलेली ती खुंटी होती. बगझिलात अशा खुंट्यांना महत्त्वाचे स्थान होते : एक नोंद दुसरीवर अवलंबून आहे, असे दाखविण्याची सोय वापरून लोकांनी त्यांच्याभोवती विषयवार घोळके तयार केले होते. प्रणालीने दिलेल्या चौकटीबाहेरचे हे वर्गीकरण वापरणाऱ्यांनी आपल्या गरजेतून उभे केले होते.

दहा वर्षांत नोंदींचा आकडा ७३ हजारांच्या पुढे गेला. दरम्यान कामाची साधनेही वाढली. दोष बगझिलात, प्रोग्रामची तपासणी गेरिटमध्ये, वेगवेगळ्या गटांचे नियोजन ट्रेलो वा मिंगलमध्ये आणि सर्व्हरविषयक कामे आणखी एका प्रणालीत अशी विभागणी झाली. एकाच कामाचे धागे चार ठिकाणी शोधावे लागू लागल्यामुळे २०१४ मध्ये जाहीर चर्चेनंतर फॅब्रिकेटर ही प्रणाली स्वीकारण्याचे ठरले. फॅब्रिकेटर मूळची फेसबुकमध्ये इव्हान प्रीस्टली यांनी सुरू केलेली. पुढे तिच्यासाठी त्यांनी फॅसिलिटी ही स्वतंत्र कंपनी काढली. नोव्हेंबर २०१४ मध्ये बगझिला केवळ वाचनापुरती ठेवून तिच्यातील नोंदी नव्या प्रणालीत नेण्यात आल्या.

क्रमांकांचा प्रश्न येथे साध्या बेरजेने सुटला. फॅब्रिकेटरच्या चाचणीच्या काळात तयार झालेल्या नोंदींसाठी पहिले दोन हजार क्रमांक राखून ठेवले गेले आणि बगझिलाच्या प्रत्येक क्रमांकात दोन हजार मिळविण्यात आले. बगझिलाची पहिली नोंद टी-२००१ झाली. कोणतीही कोष्टके न पाहता जुन्यावरून नवा आणि नव्यावरून जुना क्रमांक काढता येतो. अभिलेखपालाने कौतुक करावे असा हा निर्णय आहे. सर्व्हे नंबरांच्या बाबतीत अशी बेरीज कोणी केली असती तर, हा विचार पनवेलच्या वाचकाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही!

नावांच्या बाबतीत मात्र प्रकरण इतके सोपे नव्हते. जुन्या प्रणालीतील व्यक्ती आणि नव्या प्रणालीतील व्यक्ती एकच आहे, हे यंत्राला कसे समजावे? दुवा एकच होता : ई-मेलचा पत्ता. म्हणून आयात केलेल्या टिपण्या आरंभी ‘बीझेडइम्पोर्ट’ या यांत्रिक खात्याच्या नावावर पडल्या आणि मूळ लेखकाचे नाव मजकुराच्या सुरुवातीस ‘अमुक यांनी लिहिले’ असे आले. ज्यांनी नव्या प्रणालीत येऊन आपला जुना पत्ता सिद्ध केला, त्यांच्या टिपण्या पुढे त्यांच्या खात्यावर जमा झाल्या. जे आले नाहीत, त्यांच्या टिपण्या यंत्राच्याच नावे राहिल्या. न येणारे कोण असतील, याचा अंदाज करणे अवघड नाही. ज्यांनी कधीकाळी उत्साहाने दोन-चार दोष कळविले आणि नंतर शिक्षण, नोकरी, संसार यांत जे गुंतले, ज्यांचा महाविद्यालयाने वा कंपनीने दिलेला ई-मेल पत्ता बंद पडला, असेच लोक त्यांत अधिक असणार. विनामोबदला श्रम करणाऱ्याला मिळणारा मोबदला म्हणजे त्याचे नाव. ते मजकुरात शिल्लक राहिले, पण मोजणीतून गेले. उद्या एखाद्या संशोधकाने ‘सर्वाधिक टिपण्या कोणाच्या’ अशी यादी यंत्राकडून काढली, तर तीत कधीही अस्तित्वात नसलेली एक ‘व्यक्ती’ ठळकपणे दिसेल.

अवस्थांचे भाषांतर हा या प्रकरणातील सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग. बगझिलात ‘अपुष्ट’, ‘नवी’ आणि ‘सोपविलेली’ अशा खुल्या नोंदींच्या स्वतंत्र पायऱ्या होत्या. फॅब्रिकेटरमध्ये या सर्व ‘खुल्या’ झाल्या. बंद नोंदींमध्ये ‘माझ्याकडे तर चालते’ असा एक शेरा होता, त्याला नव्या प्रणालीत समकक्ष शब्द नव्हता. वरवर हा शेरा उडवाउडवीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात प्रामाणिक माहिती असते. तक्रार खोटी नाही, पण तपासणाऱ्याच्या यंत्रावर ती दिसली नाही, एवढेच तो सांगतो. तो दुसऱ्या खणात टाकला की तक्रारदाराच्या पदरी एक तर नसलेला विजय किंवा न केलेली चूक येते. दोषाची तीव्रता आणि त्याला द्यावयाचे प्राधान्य हेही बगझिलात दोन वेगळे रकाने होते. तीव्रता म्हणजे ज्याला त्रास होतो त्याच्या बाजूने केलेले मोजमाप, प्राधान्य म्हणजे ज्याला दुरुस्ती करावयाची त्याच्या बाजूचे. नव्या प्रणालीत प्राधान्याचाच रकाना उरला. लहान समूहाला होणाऱ्या मोठ्या त्रासाची नोंद करण्याची एक जागा त्यामुळे कमी झाली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

कोणी, केव्हा, कोणता शेरा बदलला याचा बगझिलातील क्रमवार तपशील नव्या नोंदीबरोबर आला नाही. तो जुन्या बगझिलाच्या गोठविलेल्या पानांवर राहिला. त्यामुळे २०१४ पूर्वीच्या एखाद्या वादग्रस्त नोंदीचा इतिहास लिहिताना केवळ फॅब्रिकेटर वाचणारा अभ्यासक निर्णय वाचतो, निर्णयाकडे जाणारी वाट वाचत नाही. फेरफार मिळावा आणि नमुना सहा-अ मिळू नये, तसे हे आहे.

तुलनेसाठी गूगल कोडचे उदाहरण घेता येईल. ही सेवा बंद करण्याचा निर्णय मार्च २०१५ मध्ये जाहीर झाला आणि २०१६ च्या आरंभी ती बंद झाली. प्रकल्पांना गिटहबवर नेण्यासाठी एक यांत्रिक सोय देण्यात आली होती. तिने नेलेल्या नोंदींत मूळ तक्रारदाराचा ई-मेल पत्ता मधोमध तोडलेला दिसतो : पहिली काही अक्षरे, तीन टिंबे आणि पुढे टपालसेवेचे नाव. खाजगीपणाच्या दृष्टीने ही काळजी योग्यच होती. परंतु नोंदकर्ता म्हणून त्या व्यक्तीऐवजी आयात करणाऱ्याचे नाव लागले. विकिमीडियात निदान नाव परत मिळविण्याची वाट ठेवली होती, ती येथे नव्हती.

चावडीवरून नोंदवहीत

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेथील सर्वसाधारण चर्चेच्या पानाला ‘चावडी’ असे नाव आहे, आणि ते सार्थ आहे. मराठीत टंकन करताना येणाऱ्या अडचणी, तुटकी जोडाक्षरे, शोधात न सापडणारे शब्द यांची कुरकुर आधी अशा ठिकाणी मराठीत होते. ती दुरुस्त करू शकणाऱ्यापर्यंत पोहोचवावयाची तर कोणीतरी ती इंग्रजीत लिहून दोषनोंद प्रणालीत घातली पाहिजे. म्हणजे मराठी तक्रारीचे पहिले स्थलांतर बगझिलात शिरण्यापूर्वीच होते. चावडीवरचे म्हणणे आणि नोंदवहीतील म्हणणे यांत काय गळले, हे फॅब्रिकेटर किंवा बगझिला पाहून कळणार नाही. त्यासाठी चावडीची जुनी पानेच उघडावी लागतील.

या तक्रारी कशा असतात? मराठीतील अर्ध्या रफाराचे उदाहरण पुरेसे आहे. ‘आचार्यांना’ दक्षिणा द्यावयाची आणि ‘आचाऱ्यांना’ मजुरी, हा भेद प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला ठाऊक असतो. युनिकोडमध्ये मात्र हा ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. मराठी न येणाऱ्या अभियंत्याने दोन्ही शब्द पाहिले, तर ‘दोन्ही सारखेच तर आहेत’ असे त्याला प्रामाणिकपणे वाटेल आणि ‘माझ्याकडे तर चालते’ हा शेरा पडेल. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मधील ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वी ते अक्षर ‘अ’ आणि चंद्राची मात्रा जोडून वा अन्य क्लृप्तीने साधले जाई. त्या काळातील नोंद आज वाचणाऱ्याला तक्रारीतील मजकूर आणि आजचा पडदा यांची संगतीच लागत नाही, कारण अक्षर आता नीट दिसते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असताना हिंदी वळणाचे दिसतात, हीसुद्धा अशीच जुनी तक्रार.

नोंदीत मराठी मजकूर उद्धृत केलेला असेल तर आणखी एक धोका असे. बगझिलाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत साठविलेला सर्व मजकूर एकाच संकेतप्रणालीत असेल, अशी हमी नव्हती. जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणण्यासाठी पुढे स्वतंत्र साधन द्यावे लागले. इंग्रजी मजकूर या रूपांतरातून सहीसलामत बाहेर पडतो, कारण त्याची अक्षरे बहुतेक सर्व संकेतप्रणालींत सारखीच असतात. देवनागरीची तशी स्थिती नाही. रूपांतर चुकले तर दोष ज्या शब्दात होता तो शब्दच प्रश्नचिन्हांच्या रांगेत बदलतो आणि उरते ती केवळ इंग्रजीतील तक्रार : खालील शब्द नीट दिसत नाही. ज्या महाविद्यालयांतील जुने मराठी लेख श्रीलिपी वा आकृतीसारख्या फॉन्टमध्ये टंकलिखित झाले आणि नव्या संगणकावर उघडेनासे झाले, तेथील प्राध्यापकांना हा अनुभव वेगळ्या रूपात आला असेलच.

रेड हॅट कंपनीच्या पुणे येथील केंद्रातील अभियंत्यांनी भारतीय भाषांच्या लोहित फॉन्टमालिकेवर आणि फेडोरा प्रणालीच्या भाषिक आधारावर दीर्घकाळ काम केले आहे. या कामातील तक्रारी रेड हॅटच्या बगझिलात नोंदल्या गेल्या. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळली जाते. मुदत संपली की त्या आवृत्तीवर नोंदलेले आणि न सुटलेले दोष यांत्रिकरीत्या बंद होतात. तक्रारदाराने वा अन्य कोणी ‘नव्या आवृत्तीतही हा दोष आहे’ असे तपासून आवृत्तीचा क्रमांक बदलला, तरच नोंद जिवंत राहते. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा नियम समजण्यासारखा आहे, कारण हजारो नोंदी कोणी एकेक करून तपासू शकत नाही. परंतु इंग्रजीतील दोषावर लक्ष ठेवणारे शेकडो असतात, मराठीतील अर्ध्या रफारावर लक्ष ठेवणारा एखादाच. त्याची परीक्षा चालू असेल, तो आजारी असेल, त्याने संगणक बदलला असेल, तर दोष तसाच राहून त्याची नोंद तेवढी मिटते. जमिनीच्या बाबतीत जेथे लोकांनी स्वतः हजर राहून पाहावे लागते, तेथे शासनाला निदान दवंडी द्यावी लागते. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारा संगणकावर आणताना राहिलेल्या चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झाले. उतारा मोठ्याने वाचून खातेदारांना चुका सांगावयास लावले गेले आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा मार्ग वापरला गेला. त्या मोहिमेत उणिवा नव्हत्या असे नाही. तथापि जुन्या वहीतील नोंद नव्या वहीत बरोबर उतरली की नाही, हे ज्याची नोंद आहे त्यालाच विचारावे, हे तत्त्व तीत मान्य केलेले होते. सॉफ्टवेअरच्या जगात एवढ्या थेटपणे ते क्वचितच मान्य झालेले दिसते. विकिमीडियाने नावे परत घेण्यासाठी दिलेली संधी हा त्यातल्या त्यात जवळचा प्रकार.

२०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या व्यापारी लिनक्स प्रणालीच्या नोंदी बगझिलातून जिरा या प्रणालीत नेल्या. जुन्या नोंदी ‘स्थलांतरित’ असा स्वतंत्र शेरा मारून बंद करण्यात आल्या. हा शेरा स्वागतार्ह आहे. नोंद सुटल्यामुळे बंद झाली की केवळ घर बदलल्यामुळे, हा फरक त्यामुळे कायमचा राहतो. दस्तऐवजाचा शोध घेणाऱ्याला ‘येथे होते, तेथे गेले’ असे सांगणारी चिठ्ठी रुमालात ठेवावी, तसा हा प्रकार आहे. पेशवे दप्तराच्या वाट्याला अशी चिठ्ठी सर्वत्र आली असती तर पुण्यातील कित्येक संशोधकांची वर्षे वाचली असती.

फॅब्रिकेटरनंतर

ज्या फॅब्रिकेटरसाठी विकिमीडियाने २०१४ मध्ये एवढा खटाटोप केला, तिची देखभाल फॅसिलिटी कंपनीने जून २०२१ मध्ये थांबविली. पुन्हा एकदा स्थलांतर करावे लागणार, अशी स्थिती निर्माण झाली होती. परंतु वापरणाऱ्यांच्या समुदायाने त्याच प्रोग्रामची ‘फोर्ज’ नावाची शाखा पुढे चालविली, २०२२ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि विकिमीडियाने तिचा आधार घेतला. घर तेच राहिले, केवळ दुरुस्ती करणारे गवंडी बदलले. त्यामुळे २०१४ मध्ये मिळालेले क्रमांक बदलले नाहीत.

टी-२००१ ही नोंद आजही उघडता येते. दस्तऐवजांच्या अपुरेपणाची ती जुनी खुंटी. नव्या प्रणालीत विषयवार गट करण्यासाठी स्वतंत्र सोय असल्याने अशा खुंट्यांची गरज उरली नाही, म्हणून तिच्या शीर्षकाआधी ‘वापरू नये’ असा इशारा आणि शेवटी तिची जागा घेणाऱ्या गटाचे नाव जोडलेले आहे. तिच्यावर २०१४ पूर्वी कोणी कोणता शेरा केव्हा बदलला, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने क्रमांकातून दोन हजार वजा करून बगझिलाच्या गोठविलेल्या पानांकडे जावे.